रात्र आठ वाजता सुरू होत नाही

एका रात्रीत आठ सामने खेळले जातात. त्या रात्रीवर दीड तास गप्पा मारणारी माणसं मात्र चारच सामने मोजतात. उरलेले चार मुलींचे असतात. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. पण मैत्रिणींनो, 'एवढंच ना?' म्हणून पान उलटू नका. बाईच्या वाट्याला येणाऱ्या कितीतरी गोष्टी या 'एवढंच ना'खाली गाडल्या गेलेल्या आहेत.

२०२५ च्या जानेवारीत मी अमेरिकेत, आयोवा राज्यात होते. मावसबहिणीचं बाळंतपण होतं. मावशीला व्हिसा वेळेत मिळाला नाही, म्हणून संस्थेतून रजा काढून मी गेले. गाव लहान. मक्याची शेतं, धान्याची उंच कोठारं, दोन चर्च आणि एक छोटं कॉलेज. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. अशा गावात हिवाळ्यात माणसांना एकत्र यायला जागा एकच, कॉलेजची जिम. आणि निमित्तही एकच, बास्केटबॉल. शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहत. वय सत्तरीच्या पुढे. मी त्यांना मनातल्या मनात आजीच म्हणत असे. त्या एकदा म्हणाल्या, "बाळाच्या लंगोटांत किती दिवस अडकून राहशील? आज सामने आहेत. चल माझ्याबरोबर."

आधी तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ प्रामुख्याने एनसीएए ही संस्था चालवते आणि तिच्या तीन पायऱ्या आहेत. टीव्हीवर दिसतात ती मोठाली विद्यापीठं पहिल्या पायरीवर. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे 'डिव्हिजन थ्री'मध्ये, चारशेहून अधिक संस्था आहेत आणि त्यांतली बहुतेक लहान कॉलेजं आहेत. तिथे खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियमच आहे. आसपासची आठ-दहा कॉलेजं मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. हिवाळाभर ही कॉलेजं एकमेकांच्या गावी जाऊन खेळतात. पुष्कळ ठिकाणी रीत अशी, की एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर दोन सामने लावायचे. या गावात सहा वाजता मुलींचा आणि आठ वाजता मुलांचा.

आम्ही सहाला पोचलो. बाकांवर मुलींचे आईवडील, आजीआजोबा आणि तुरळक मैत्रिणी होत्या. मुलांचा संघही एका कोपऱ्यात बसला होता, पण तिसरा डाव सुरू झाला तशी ती मुलं उठून आत गेली, कारण त्यांना आपल्या सामन्याची तयारी करायची होती. साडेसातनंतर गर्दी येऊ लागली. बँडवाले आले, खुर्च्या लावू लागले. त्या वेळी मैदानावर बरोबरी होती आणि शेवटची दोन मिनिटं उरली होती. मुली जीव तोडून खेळत होत्या, आणि हातात मक्याच्या लाह्यांची पुडी घेऊन आत शिरणारा माणूस दुसऱ्याला विचारत होता, "अजून किती वेळ आहे हे संपायला?" मुली एका गुणाने जिंकल्या. टाळ्या पडल्या, पण बँड काही वाजला नाही. तो आठला वाजला.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. जिंकलेल्या मुली अंघोळ करून, ओले केस तसेच बांधून, परत आल्या आणि मुलांना ओरडून प्रोत्साहन देत शेवटपर्यंत बाकांवर बसल्या. मुलगे मुलींच्या सामन्यातून अर्ध्यावर उठले होते. मुली मुलांच्या सामन्याला शेवटची शिट्टी होईपर्यंत हलल्या नाहीत. वेळापत्रकच असं, की मुलींनी मुलांचा प्रेक्षकवर्ग व्हायचं आणि मुलांनी मात्र तसं व्हायची गरज नाही.

नंतर आठ-नऊजण कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी आणि पाय खायला बसले. त्यांत आजी होत्या, आणखी एक बाई होत्या, बाकी पुरुष. त्या रात्री कॉन्फरन्सचे सामने चार गावांत होते. कोणी फोनवर निकाल बघत होतं, कोणी कागदी रुमालावर गुणतक्ता मांडत होतं. पंचाने कुठे चूक केली, कुणाचा घोटा दुखावलाय, पुढच्या शनिवारी कोण हरलं म्हणजे आपण दुसऱ्या क्रमांकावर येऊ, अशी चर्चा रंगली. या माणसांची मला थट्टा करायची नाही. वीस वर्षांपूर्वीचा एखादा सामना त्यांना कालच्यासारखा आठवतो. दुसऱ्यांच्या पोरांवर इतकी माया करणारी माणसं मला आवडतात.

पण समाजकार्याच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. बैठकीत कोण बोलतंय हे टिपाच, पण कोणाबद्दल बोललं जात नाही हेही टिपा. ती सवय काही सुटत नाही. तास उलटून गेला तरी मुलींच्या एकाही सामन्याचा उल्लेख झाला नाही. शेवटी मीच विचारलं, "मुलींच्या बाकीच्या तीन सामन्यांचं काय झालं?" टेबल गप्प झालं. मग एका भल्या माणसाने फोन काढला, शोधलं आणि वाचून दाखवलं. त्या निकालांमुळे या गावच्या मुली कॉन्फरन्समध्ये पहिल्या आल्या होत्या. टेबलावरच्या एकालाही हे माहीत नव्हतं. "अरे वा!" म्हणून सगळे मनापासून खूश झाले आणि अर्ध्या मिनिटात परत त्या घोट्यावर आले.

तिथे वाईट माणूस कुणीच नव्हता, आणि म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. दुष्ट माणूस बाईला बाजूला ढकलतो तेव्हा ते सगळ्यांना दिसतं. चांगली माणसं तिला मोजायचं विसरतात, तेव्हा त्याला नावसुद्धा सापडत नाही.

असा प्रश्न काढला की ठरलेली उत्तरं येतात. ती एकेक करून पाहू.

पहिलं उत्तर पैशाचं. पुरुषांच्या खेळाला प्रेक्षक आहेत, टीव्हीचा पैसा आहे, म्हणून चांगली वेळ त्यांना; यात भेदभाव कसला, हा बाजार आहे. मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत यावर वाद घालता येईल. पण या छोट्या कॉलेजात बाजार आहे कुठे? टीव्हीचे करार नाहीत, शिष्यवृत्त्या नाहीत, आणि बाकांवर बसणाऱ्यांच्या तिकिटांवर कुठलंही कॉलेज चालत नाही. मुलांचा संघ कॉलेजला पोसत नाही. मुलींच्या संघासारखाच तोही कॉलेजच्या खर्चाने खेळतो. दोघांचा खर्च सारखा, घाम सारखा, फी भरणारे आईबाप सारखे. पैशाचं कारण काढून घेतल्यावर आठ वाजताच्या सामन्याखाली उरतं काय? नुसती वहिवाट. मोठ्या मैदानांवर जी गोष्ट पैशाच्या पडद्याआड लपते, ती या छोट्या जिममध्ये उघडी पडते. पुरुषाचा खेळ तो 'खेळ' आणि बाईचा तो त्याआधीचा कार्यक्रम, असं ठरवायला नफ्याची गरज लागत नाही.

दुसरं उत्तर आवडीचं. लोकांना मुलींचा खेळ आवडत नाही, त्याला कोण काय करणार? या उत्तराला आयोवाइतकी चपराक दुसऱ्या कुठल्या राज्याने मारली नसेल. इथे १९२० पासून शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा होत होती. १९२५ साली राज्याच्या क्रीडा संघटनेने मुलींची स्पर्धा बंद करायचं ठरवलं, तेव्हा लहान गावांतल्या शाळांचे प्रमुख फुटून निघाले आणि त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली. शहरांतल्या मोठ्या शाळा त्यात कित्येक दशकं आल्याच नाहीत. खेड्यांनी मात्र मुलींचा खेळ उचलून धरला, आणि राजधानी डे मॉइनमध्ये मुलींच्या अंतिम फेरीला पंधरा हजारांच्या आसपास माणसं जमू लागली.

त्या खेळाचे नियम मुलींना झेपणार नाही असं मानून केलेले होते. एका संघात सहाजणी. तिघींनी फक्त बास्केट मारायचे, तिघींनी फक्त अडवायचं, आणि मधली रेघ कुणीही ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा. ही पद्धत आयोवात १९९३ पर्यंत चालली. आमच्या आजी त्याच खेळातल्या. हॉटेलातून घरी चालत येताना त्या म्हणाल्या, "मी अडवणारी होते. चार वर्षं खेळले, पण सामन्यात एकदाही बास्केट मारला नाही. रेघेपलीकडे जायचंच नव्हतं ना! पण आमचा सामना असला की गावातली दुकानं बंद व्हायची."

मी विचारलं, "मग आज तुम्ही मुलींबद्दल एक शब्द का बोलला नाहीत?"

त्या थांबल्या. बर्फात उभ्याच राहिल्या. "कुणी विषय काढला नाही," म्हणाल्या, आणि मग हळूच, "मीही नाही काढला."

तेव्हा मैत्रिणींनो, आवड ही आकाशातून पडत नाही. गाव ठरवतं, कॉलेज ठरवतं, वर्तमानपत्र ठरवतं, हॉटेलातलं टेबल ठरवतं. आजींच्या लहानपणी याच राज्यातल्या खेड्यांनी ठरवलं होतं की मुलींचा सामना म्हणजे गावाचा सामना. आज त्याच मातीतली माणसं आठला येतात. मुली बिघडलेल्या नाहीत. उलट आता त्या रेघ ओलांडतात, पूर्ण मैदान धावतात, आजींना कधी मारायला मिळाला नाही तो बास्केट मारतात. बदललं आहे ते मोजणाऱ्यांचं मोजमाप.

तिसरं उत्तर सगळ्यांत नवं आहे आणि आयोवात तर ते हमखास मिळतं: आता केटलिन क्लार्क आली, प्रश्न मिटला! क्लार्क ही आयोवा विद्यापीठाची खेळाडू. डिव्हिजन वनमध्ये स्त्री-पुरुष सगळ्यांत सर्वाधिक गुणांचा विक्रम तिने २०२४ साली केला. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचा संघ फुटबॉलच्या स्टेडियमवर खेळला तेव्हा ५५ हजारांहून जास्त माणसं आली. २०२४ ची स्त्रियांची अंतिम फेरी अमेरिकेत सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. पुढच्या वर्षी पारडं पुन्हा पुरुषांकडे झुकलं, पण बायकांचा खेळ कुणी बघतच नाही ही थाप एकदाची उघडी पडली.

हॉटेलातल्या त्या टेबलावरही क्लार्कचा २२ नंबरचा शर्ट घातलेला एक माणूस होता. क्लार्कबद्दल तो भरभरून बोलला. आणि तोच माणूस आठला आला होता. हे आपल्याला नवं आहे का? देवीची आरती करायची आणि घरच्या लेकीला उरलंसुरलं वाढायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. एका असामान्य बाईला डोक्यावर घेणं सोपं असतं. अवघड असतं ते साध्या, बऱ्यापैकी खेळणाऱ्या, उद्या शिक्षिका किंवा नर्स होणाऱ्या पोरीला तिच्या वर्गातल्या साध्या, बऱ्यापैकी खेळणाऱ्या पोराइतकं मोजणं. कारण त्या मुलांपैकीही कुणी मोठा खेळाडू होणार नव्हता. त्यांच्या सामान्यपणावर दीड तास चर्चा झाली. मुलीला मात्र चर्चेत यायला विक्रम करावा लागतो. समतेची खरी कसोटी इथे लागते. पुरुषाला सामान्य असूनही महत्त्वाचं राहता येतं, बाईला ते का नाही?

चौथं उत्तर उपकाराचं. खेळायला मिळतंय ना? मग वेळेवरून कुरकुर कशाला? पण खेळायला मिळालं ते कुणाच्या मेहेरबानीने नाही. बास्केटबॉल १८९१ साली निघाला, आणि जेमतेम सव्वा वर्षात, मार्च १८९३ मध्ये, स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींचा सामना भरवला. तो बघायला पुरुषांना मज्जाव होता. १९७२ साली मुलींची पहिली राष्ट्रीय कॉलेज स्पर्धा जिंकली इमॅक्युलेटा या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॅथलिक कॉलेजाने. प्रवासखर्च जमवायला त्या संघाने दात घासायचे ब्रश विकले होते. मुलींचा कॉलेज बास्केटबॉल लहान कॉलेजांनीच रांगता केला.

त्याच १९७२ साली 'टायटल नाइन' हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. १९७५ च्या नियमांत खेळातली समानता कशाकशावरून पाहायची याची यादी आहे. तीत साहित्य आहे, प्रवास आहे, प्रसिद्धी आहे आणि सामन्यांच्या वेळाही आहेत. म्हणजे सहा की आठ, ही कुरकुर नाही. तो कायद्यात लिहिलेला मुद्दा आहे. पण कायदा झाला म्हणजे लढा संपत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९८४ साली ग्रोव्ह सिटी या छोट्या कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या विभागात सरकारी पैसा येतो त्याच विभागापुरता हा कायदा लागू. खेळाचे विभाग त्यातून निसटले. १९८८ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून संसदेने कायदा पुन्हा पूर्ण केला, तेव्हा कुठे दार परत उघडलं. आणि दार उघडलं तेव्हा आत कोण शिरलं? १९७२ साली मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. पदाला पगार आणि मान आला तसे पुरुष त्या जागांवर आले, आणि आज बायका निम्म्याहून कमी आहेत. उलट दिशेने, पुरुषांच्या संघांवर, बायका जवळजवळ गेल्याच नाहीत.

नावाचंही तेच. पुरुषांची स्पर्धा ती 'बास्केटबॉल', बायकांची ती 'विमेन्स बास्केटबॉल'. मुलांचा संघ वाघ असेल तर मुलींचा कित्येक ठिकाणी 'लेडी' वाघ. 'मार्च मॅडनेस' हे राष्ट्रीय स्पर्धेचं गाजलेलं नाव २०२१ पर्यंत एनसीएएने फक्त पुरुषांसाठी राखून ठेवलं होतं. त्या वर्षी सेडोना प्रिन्स या खेळाडूने स्पर्धेच्या ठिकाणी पुरुषांना दिलेली भरगच्च व्यायामशाळा आणि बायकांना दिलेली डंबेल्सची एक लहानशी मांडणी, दोन्ही एका चित्रफितीत जगाला दाखवली. चौकशी झाली, आणि २०२२ पासून ते नाव बायकांनाही मिळालं. मागितल्याशिवाय मिळालं नाही, हे लक्षात ठेवा.

शेवटचं उत्तर सोयीचं. लवकर खेळून मुली लवकर मोकळ्या होतात, त्यांनाच ते बरं. पण पाहुण्या संघाची बस दोघांना मिळून आली असेल, तर सहाला खेळलेली मुलगीही घरी पोचते ती मुलांबरोबरच, रात्री उशिरा. आणि खरंच सोय असेल तर ती वाटून घ्यावी. एका आठवड्यात मुली आधी, दुसऱ्या आठवड्यात मुलं आधी. काही कॉन्फरन्सनी असं केलेलंही आहे. आकाश कोसळलं नाही.

तुम्ही म्हणाल, आयोवातल्या कॉलेजच्या मुली सहाला खेळल्या काय नि आठला, इथे आपल्याला त्याचं काय? माझ्यापुरतं सांगते. मी ज्या गावांत काम करते तिथे कायद्याने प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ही तरतूद चांगलीच आहे, चळवळीने तिचं स्वागतच केलं. पण महिलांची सभा 'आधी' होते म्हणजे काय होतं, ते मी कित्येकदा पाहिलंय. बायका हातातलं काम टाकून येतात. पाण्यावर, दारूवर, रेशनवर तावातावाने बोलतात, ठराव करतात. मग पुरुष जमू लागतात, आणि 'आता सभा सुरू करू या' असं कोणीतरी म्हणतं. आता! म्हणजे इतका वेळ काय चाललं होतं? महिलांचे ठराव दोन ओळींत वाचले जातात, आणि पारावर रात्री चर्चा होते ती 'सभेत' काय झालं याची. त्या हॉटेलात बसून मला आमचा पार आठवत होता. आधी जागा देऊन मागे टाकण्याची ही युक्ती दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून चाहत्यांच्या गप्पांना क्षुल्लक समजू नका. माणसं जे बोलत बसतात, त्यातूनच गावाची आठवण तयार होते. ज्या सामन्याबद्दल कोणी बोललं नाही, तो वीस वर्षांनी कुणाला आठवणार नाही. आणि जे आठवत नाही, ते 'कधी नव्हतंच' असं म्हणायला लोक मोकळे होतात.

मागणी मोठी नाही. सामन्यांचा क्रम आलटून-पालटून ठेवा. बँड वाजवायचा तर दोन्ही सामन्यांना वाजवा. आठ सामने झाले असतील तर आठ म्हणा. आणि हे सगळं होईपर्यंत, जिथे बसला असाल तिथे विषय काढा. मी परत निघाले त्याच्या आदल्या आठवड्यात आजी पुन्हा सामन्याला गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाळाला बघायला आल्या आणि म्हणाल्या, "काल हॉटेलात पहिला प्रश्न मी विचारला. मुलींचं काय झालं, म्हणून. दोघांना निकाल आधीच माहीत होता. मी विचारणार हे ठाऊक होतं म्हणून बघून आले होते."

नुसत्या एका बाईच्या विचारण्याने दोन माणसं बघून आली. आपण तर गावोगावी आहोत.